अकरावी चौकट

पीव्हीसी पाइपचे चार तुकडे, चार एल्बो,
मारुती मंदिराजवळच्या हार्डवेअरमधून आणलेले.
अर्धा मीटर बाय अर्धा मीटर.
तिसऱ्या वर्षाचं सगळं प्राणिशास्त्र
या चौकटीत मावतं, असं खातू मॅडम म्हणायच्या.

मी लांज्याची. समुद्र मला ठाऊक होता
शाळेच्या सहलीतल्या एका दुपारीपुरता.
तन्झीला मुकादम राजिवड्याची.
ती वेळापत्रक न बघता सांगायची:
आज भांग आहे, झोप तू, खडप उघडं पडायचं नाही.

अमावास्येला मात्र पहाटे पाचला रिक्षा.
मिऱ्याचं काळं खडप, हातात बॅटरी,
वरच्या कोरड्या कातळापासून खाली शेवाळापर्यंत
दोरी ताणायची, दोरीवर बारा जागी चौकट टाकायची,
आणि आत जे जे जिवंत ते मोजायचं.
नेरिटाचे शंख, काळे, वाटाण्याएवढे, सुपारीएवढे.
बारनॅकल मोजता मोजता डोळ्यांत खडे व्हायचे.
शेजारी शेवंतीकाकी कालवं फोडत असायची,
टक्, टक्, टक्.
एकदा तिने विचारलं, मोजून झाले की सोडून देता?
हो म्हटलं.
ती बराच वेळ हसत होती.

जानेवारीत दहाव्या चौकटीला उजाडलं.
तन्झीला वर होती, पिशवी बांधत.
अकराव्या जागेवर पाणी परत आलं होतं,
फार नाही, पोटरीएवढं.
मला थंडी वाजत होती.
आठची एसटी होती, बाबांच्या दुकानाची वास्तू होती.
एसटीत, निवळीच्या आसपास,
मांडीवर वही ठेवून मी लिहिलं: अकरा, नऊ.
बारा, सहा.
मग नऊचा आकडा फार गोल वाटला म्हणून
पेन परत फिरवून जरा घाईचा केला.

आलेख सुंदर आला.
वरून खाली, एखादी पाखाडी उतरावी तसा.
मॅडमनी तो विभागाच्या फळ्यावर लावला,
पुढच्या वर्षीच्या मुलांना बघायला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर
चष्मा कपाळावर चढवून आलेखाकडे बघत राहिले.
खालच्या पट्ट्यात इतके नेरिटा?
मी म्हटलं, हो सर.
बरं, म्हणाले. आणि तारामाशाच्या नलिकापादांवर गेले.
ते मला सगळं येत होतं.

बाहेर बाकावर तन्झीला चिंचेची गोळी चघळत होती.
म्हणाली, मला माहीत होतं.
कधीपासून?
त्याच दिवशी. तुझी सलवार घोट्यापर्यंतच ओली होती.
मग बोलली का नाहीस?
तिने गोळी गालात सरकवली.
तू विचारलंस का, माझी मार्चची पाचवी चौकट कुठून आली?

निकाल लागला. फर्स्ट क्लास.
जूनच्या आधीच्या शेवटच्या अमावास्येला
मी एकटीच गेले. दोरी नव्हती, जागा अंदाजाने धरली.
चौकट टाकली, गुडघ्यावर बसले.
मला माहीत होतं, हे ते पाणी नाही, तो महिना नाही,
ज्याची मोजणी राहिली तो जानेवारी
आता कुठल्याच ओहोटीला उघडा पडणार नाही.
तरी मोजले.
तीन.
नाही, दोन: तिसरा शंख हातात घेतला तर
आतून केसाळ पाय बाहेर आले,
नेरिटाच्या घरात खेकडा राहात होता.

हा कोणाच्या रकान्यात लिहायचा?
वही घरीच होती, तशी.
शेवंतीकाकीने कोयती थांबवली,
काय सांडलंस गो बाय?
काही नाही, म्हटलं.
तिने बॅटरी माझ्या बाजूला वळवून धरली,
खाली वाकून बघ, म्हणाली, पाणी यायला अजून वेळ आहे.